निम्मा वाटा, पण कशातला?

प्रश्न थोडक्यात असा: गडकिल्ल्यांवरचं मराठी यूट्यूब चॅनल आहे, चाळीसेक हजार सबस्क्रायबर, एका व्हिडिओला सहा-आठ हजार व्ह्यूज. एका कंपनीकडून विचारणा झाली आहे: "तुमच्या नावाचं ऑनलाइन स्टोअर आम्ही काढून देतो. टी-शर्ट, छपाई, पॅकिंग, कुरिअर, ग्राहकांचे फोन, सगळं आमच्याकडे. तुम्ही एक रुपया घालायचा नाही, व्हिडिओत फक्त सांगायचं. नफा निम्मा-निम्मा." हो म्हणावं का, आणि म्हणायचं तर काय तपासून घ्यावं?

हो म्हणायला हरकत नाही. पण करारात वाटा "नफ्यावर" लिहिला असेल आणि नफा कसा काढायचा हे त्याच कागदावर ओळीने लिहिलेलं नसेल, तर सही करू नका. अशा व्यवहारात सगळे टक्केवारीवर घासाघीस करतात. पैसे जातात ते टक्केवारी लावायच्या आधी काय काय वजा होतं तिथे.

एक ऑर्डर घेऊन बघू. ६९९ रुपयांचा ड्रायफिट (घाम लवकर सुकणारा, पॉलिस्टरचा) टी-शर्ट, ग्राहकाला डिलिव्हरी फुकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे. म्हणजे ६९९ मधले ३३ रुपये सरकारचे आणि विक्री खरी ६६६ रुपयांची. छापील टी-शर्टचा खर्च २९० धरू, पॅकिंग १२, अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये कुरिअर ६५, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे गोळा करणारी सेवा) २ टक्के म्हणजे १४. उरले २८५. हीच ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीवर (सीओडी) आली तर गेटवेचे १४ वाचतात, पण कुरिअरवाला रोकड गोळा करायचे ३५ घेतो. उरले २६४.

आता शंभर ऑर्डरी घ्या. ४० आगाऊ पैसे भरून आल्या, ६० सीओडीच्या. सीओडीतल्या १२ ग्राहकाने घेतल्याच नाहीत, परत आल्या. परत आलेल्या प्रत्येक पार्सलवर जातानाचे ६५, येतानाचे ६० आणि पॅकिंगचे १२ असे १३७ रुपये बुडाले. चार जणांना साइज बदलून हवी होती, तिथे उलटं पिकअप आणि पुन्हा पाठवणी मिळून दीडशेच्या वर गेले. हिशेब असा होतो:

४० आगाऊ भरलेल्या × २८५ = ११,४००
४८ सीओडी पोहोचलेल्या × २६४ = १२,६७२
१२ परत आलेल्या × १३७ = वजा १,६४४
४ साइज-बदल × १५२ = वजा ६०८
शिल्लक २१,८२०, तुमचा निम्मा वाटा १०,९१०.

वाईट नाही. पण आता कंपनी म्हणते की ऑर्डरमागे ४० रुपये "व्यवस्थापन खर्च" आणि महिन्याला ८,००० "प्लॅटफॉर्म खर्च" आधी वजा होणार. शिल्लक ९,८२० वर येते आणि तुमच्या हाती पडतात ४,९१०. करारात शब्द तोच, निम्मा-निम्मा. विकलेल्या ५८,५८२ रुपयांच्या मालावर तुमचा खरा वाटा झाला साडेआठ टक्क्यांच्या आत.

म्हणून चॅनल लहान असेल आणि हिशेब तपासायला माणूस नसेल, तेव्हा नफ्यातला वाटा सोडून विक्रीवर रॉयल्टी मागावी. करारातलं वाक्य असं हवं: "जीएसटी वगळून, ग्राहकाने प्रत्यक्ष भरलेल्या आणि परत न आलेल्या मालाच्या किमतीवर अमुक टक्के." वरच्याच उदाहरणात २० टक्के रॉयल्टी म्हणजे ११,७०० च्या आसपास; निम्म्या नफ्यापेक्षा जास्त, आणि कुरिअर किती लागलं, पॅकिंग किती लागलं हे तुम्हाला विचारावंही लागत नाही. १५ टक्क्यांवर साधारण ८,८०० येतात. १८ ला तोडायला हरकत नाही, वर "महिन्याला २०० नगांपुढे २२ टक्के" अशी पायरी लावून घ्या. कंपनी रॉयल्टीला सपशेल नाही म्हणत असेल, तर तिला खर्चाच्या खान्यात काहीतरी टाकायचं आहे असं समजायला जागा आहे.

नफ्याचाच वाटा घ्यायचा ठरलं, तर तीन जागा नीट बघा.

पहिली, उत्पादन खर्च. २९० हा आकडा येतो कुठून? छपाई कंपनीच्याच भावकीतल्या दुसऱ्या फर्मकडे असेल, तर तिचं मार्जिन आधीच त्या २९० मध्ये बसलेलं असतं. मग उरलेल्यातून पुन्हा निम्मं. शिवाय ऑर्डर येईल तसा एकेक छापायचा खर्च वेगळा आणि पन्नास-शंभर नग एकदम स्क्रीन प्रिंटने काढायचा वेगळा. डिझाइन चालायला लागलं की कंपनी गुपचूप घाऊक छपाईवर जाते, तुमच्याकडे येणाऱ्या हिशेबाच्या शीटवर मात्र २९० तसेच राहतात. "दर तिमाहीला उत्पादन खर्च बिलासह पुन्हा ठरवायचा" ही एक ओळ टाका.

दुसरी जागा जीएसटीची. कंपनी टी-शर्ट घेताना ५ टक्के, कुरिअरवर आणि गेटवेच्या फीवर १८ टक्के भरते, आणि ते सगळं इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळवते. पण खर्चाच्या यादीत हेच आकडे करासकट लावले, तर आपल्या उदाहरणात ऑर्डरमागे साधारण २९ रुपये तुमच्या डोळ्यांदेखत गायब होतात. सगळे खर्च कर वगळून लावायचे, हे लिहून घ्या.

तिसरी, सवलतीचं कूपन. दहा टक्के सवलत म्हटली की क्षुल्लक वाटते. ६९९ चे ६२९ होतात, पण उरणारे २८५ थेट २२० च्या खाली येतात. सवलत किमतीवर दहा टक्के, नफ्यावर तेवीस. कूपन कोण काढणार, किती टक्क्यांपर्यंत, आणि ठरलेल्या मर्यादेवरची सवलत कोणाच्या वाट्यातून जाणार, हे आधी ठरलेलं बरं. दिवाळीत कंपनी तुम्हाला न विचारता ३० टक्क्यांचा सेल लावते आणि महिन्याअखेरीस शीटवर शून्य दिसतं. तक्रारींमध्ये हा प्रकार हमखास असतो.

यानंतरचा मोठा प्रश्न: ग्राहकाच्या हातात पडणारं बिल कोणाच्या नावाचं? बिल कंपनीच्या नावाचं असेल तर विक्रेती कंपनी. जीएसटी, परतावा, ग्राहक तक्रार निवारण सगळं तिच्या अंगावर. तुम्ही नाव आणि डिझाइन वापरू दिलंत, त्याची रॉयल्टी घेतलीत. बिल तुमच्या नावाचं असेल तर विक्रेते तुम्ही, कंपनी फक्त सेवा देते. दोन्ही चालतं. बिल तुमच्या नावाचं आणि पैसे जमा होतात कंपनीच्या खात्यात, हे मात्र अजिबात चालवून घेऊ नका. कर तुमच्या डोक्यावर, रोकड तिच्या हातात.

स्वतः विक्रेते व्हायचं मनात असेल तर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची असली, तरी परराज्यात माल विकला की हस्तकलेसारखे अपवाद सोडता उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आणि मराठी प्रेक्षक काही फक्त महाराष्ट्रात नाही. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू. यातली एक ऑर्डर पहिल्याच आठवड्यात येणार. ती नाकारायची, की आधीच नोंदणी करायची, एवढाच पर्याय.

रॉयल्टी घेतानाही कर आहेच. तुमचा वाटा ही सेवा धरली जाते, आणि सेवांसाठी मर्यादा २० लाखांची. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे परदेशातून येतात, निर्यात म्हणून त्यावर कर बसत नाही, पण ते या २० लाखांत मोजले जातात. मर्यादा ओलांडली की वाट्यावर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. तेव्हा करारात "वाटा अधिक लागू जीएसटी" असे शब्द नसतील, तर तो १८ टक्के तुमच्याच खिशातून जाणार. टीडीएसचंही तसंच. रॉयल्टी म्हणून दिलं तर वर्षाला ५०,००० पुढे १० टक्के कापतात, कमिशन म्हणून दिलं तर २०,००० पुढे २ टक्के. दोन्ही विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळते होतात, पण हातात रोख किती पडणार यात फरक पडतो, आणि करारात एक शब्द, बिलावर दुसरा असं झालं की नोटिशीला आमंत्रण.

आता माल. लहान आणि ठरावीक आवडीचा प्रेक्षक असलेल्या चॅनलकडून होणारी पहिली चूक म्हणजे चॅनलच्या नावाचा टी-शर्ट. चॅनलचं नाव छातीवर मिरवण्याएवढं प्रेम सहा-आठ हजारांतल्या फार थोड्यांना असतं. ती मंडळी पहिल्या महिन्यात घेतात आणि विषय संपतो. विकलं जातं ते ज्यात प्रेक्षकाचा स्वतःचा छंद दिसतो ते. साल्हेर किल्ल्याच्या समोच्च रेषा आणि खाली उंची १५६७ मीटर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा छेद. राजगडाच्या तिन्ही माच्या वरून दिसतात तशा. या लोकांना तपशील कळतो, म्हणून तो बिनचूक लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांवर एखादं पोस्टर काढाल आणि शीर्षक द्याल "महाराष्ट्राचे बारा किल्ले", तर पहिलीच कमेंट येईल की जिंजी तामिळनाडूत आहे. छापून झालेले दोनशे पोस्टर मग घरीच.

ट्रेकरच्या टी-शर्टची छपाई हा वेगळाच मामला आहे, आणि छपाईवाल्याला तो ठाऊक असतोच असं नाही. पाठीवरचं मोठं डिझाइन सॅकखाली झाकलं जातं, घामात भिजतं, आणि सॅक घासून घासून त्याला तडे जातात. खांद्यावर पट्ट्याखाली येणारी छपाई दोन-चार ट्रेकांत सोलली जाते. डिझाइन छातीवर घ्या, कंबरपट्ट्याच्या बरंच वर. पॉलिस्टर असेल आणि रंग फिका असेल तर सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात उतरवणारी छपाई) करा. रंग धाग्यातच मुरतो, हाताला जाडी लागत नाही, घाम अडत नाही. गडद पॉलिस्टरवर सब्लिमेशन उमटत नाही, तिथे डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवणं) करावं लागतं. पण डीटीएफचा मोठा सलग ठोकळा छातीवर प्लास्टिकच्या तुकड्यासारखा बसतो आणि ड्रायफिटचा उपयोगच जातो. मोकळ्या रेषांचं डिझाइन हवं. गावात घालायच्या सुती टी-शर्टला १८० जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं ग्रॅममधलं वजन), बायोवॉश केलेलं (एन्झाइमने धुऊन मऊ केलेलं) कापड मागा. ट्रेकसाठीच्या पॉलिस्टरला १४० ते १६० पुरतं.

देवनागरी मजकूर असेल तर फाइल पाठवताना अक्षरं आउटलाइन करूनच (म्हणजे फॉन्टऐवजी आकृतीत बदलून) पाठवा. छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, सॉफ्टवेअरही जुनं असतं. तिथे "दुर्ग" मधला रफार भलत्याच अक्षरावर जातो, "किल्ला" ची वेलांटी उजवीकडे सरकते, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही तो ऑपरेटर ते तसंच छापतो. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, ३०० डीपीआय. बारा बाय सोळा इंचाच्या डिझाइनला ३६०० बाय ४८०० पिक्सेल. फॉन्ट विकत घेतलेला असेल तर त्याचा परवाना मालावर छापून विकायला चालतो का, हेही बघा. पुष्कळ फुकट फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. आणि दर डिझाइनचा एक नग आधी स्वतःकडे मागवा, पाच वेळा धुवा, मग व्हिडिओत दाखवा.

टोपी, स्टीलची बाटली, मग असल्या वस्तू घेण्याआधी खोका मोजा. कुरिअरवाला प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यात जे जास्त त्याचे पैसे घेतो. आकारावरचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. शंभर ग्रॅमची टोपी चेपू नये म्हणून २५ बाय २० बाय १२ च्या खोक्यात घातली की कागदावर वजन १.२ किलो. अर्ध्या किलोचा दर गृहीत धरून किंमत लावली असेल, तर प्रत्येक टोपीमागे भुर्दंड. उलट दोन टी-शर्ट एकाच अर्ध्या किलोत बसतात. १,२९९ ला दोन विकले, तर वरच्याच दरांनी साधारण ५५४ उरतात, एकाचे २८५. जोडीची ऑफर म्हणूनच स्टोअरच्या पहिल्या पानावर असावी. ग्राहकाला शंभर रुपये वाचतात आणि तुम्हालाही कुरिअर एकदाच पडतं.

दोर, कॅराबिनर, हार्नेस अशा चढाईच्या सामानावर मात्र स्वतःचं नाव छापू नका. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो आपलं चिन्ह लावतो, त्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उत्पादकच मानतो. वस्तूच्या दोषामुळे कोणी पडला, तर उत्पादक म्हणून जबाबदारी तुमच्यापर्यंत येते. अशा वस्तूंसाठी मूळ ब्रँडची अ‍ॅफिलिएट लिंक (जिच्यावरून कोणी खरेदी केली की कमिशन मिळतं) पुरे.

महाराजांचा विषय इथेच सांगतो, कारण गडकिल्ल्यांच्या चॅनलला तो टळत नाही. चिन्हे आणि नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा, १९५० च्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. धंद्यासाठी ते वापरायचं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाजारात असे टी-शर्ट ढिगाने आहेत म्हणून आपणही काढावेत, हा हिशेब रस्त्यावरच्या विक्रेत्याला कदाचित परवडेल. तुमचं नाव, चेहरा, पत्ता सगळं उघड आहे. किल्ल्यांची नावं, बुरूज, दरवाजे, नकाशे, उंची यांत वर्षानुवर्षं पुरेल एवढं सामान आहे.

डिझाइन चित्रकाराकडून करून घेतलंत, तर त्याचा कागद करा. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "कायमस्वरूपी, सर्व देशांत, सर्व वस्तूंवर" हे शब्द लिहून घ्या. आणि हे हक्क तुमच्याकडे असू द्या, स्टोअरवाल्या कंपनीकडे नाही. डिझाइन कंपनीच्या चित्रकाराने केलं, तर करार संपताना ते कोणाचं राहणार, हेही त्याच वेळी ठरवा.

सीओडीबद्दल. मराठी प्रेक्षक तालुक्या-गावांत पसरलेला असेल तर सीओडी बंद करून चालत नाही, आणि उघडी ठेवली तर परतीची पार्सलं पैसे खातात. मधला मार्ग असा: ९९ रुपये आगाऊ, बाकी दारात. किंवा सीओडीला ४९ रुपये जादा आणि आगाऊ भरणाऱ्याला तेवढीच सूट. ९९ रुपये भरलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही. दुसरं, ऑर्डर आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पक्का करून घेणं. "मारुती मंदिरामागे, पाटलांच्या घराशेजारी" एवढ्यावर पोस्टमन पोहोचतो, कुरिअरचा नवीन पोरगा नाही. तो "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून मोकळा होतो, आणि असे दोन-तीन शेरे पडले की पार्सल परतीच्या वाटेला लागतं. शेरा पडल्यापासून २४ तासांत ग्राहकाला फोन गेला तर बरीच पार्सलं वाचतात. हे काम कंपनीत नक्की कोण करतं, मराठीत बोलतं का, हे विचारा. नागपूर-कोल्हापूरच्या ग्राहकाला हिंदीत तोडकंमोडकं उत्तर मिळालं की शिव्या तुमच्या कमेंटमध्ये पडतात, कंपनीच्या नाही.

साइजवरून परत येणारा माल कमी करायला तक्त्यात छातीची मापं टी-शर्ट सपाट पसरून इंचांत द्या आणि खाली लिहा, "घरातला नीट बसणारा टी-शर्ट असाच पसरून मोजा." "एम", "एल" हे प्रत्येक कंपनीत वेगळे निघतात.

विक्री होईल की नाही याचा अंदाज सबस्क्रायबर मोजून येत नाही, आगाऊ पैसे मोजून येतो. एकच डिझाइन, दहा दिवसांची नोंदणी, पूर्ण पैसे आधी, "इतक्या ऑर्डरी आल्या तरच छापू, नाहीतर परत." हा आकडा ४० च्या आसपास ठेवा. दहा दिवसांत ४० लोक पैसे भरत नसतील, तर वर्षभराचं स्टोअर चालवण्यात अर्थ नाही, मग कंपनी कितीही गोड बोलो. पावसाळी ट्रेकचा माल असेल तर ही नोंदणी मेच्या पहिल्या आठवड्यात संपायला हवी. छपाई आणि पोहोचवणं यात तीन आठवडे जातात, आणि जूनच्या पहिल्या पावसात माणूस तो घालून निघाला पाहिजे. जुलैत पोहोचलेला टी-शर्ट पुढच्या वर्षीचा होतो.

पैशांचं वेळापत्रकही सरळ असावं. माल पोहोचायला आठवडा, परत करायची मुदत सात दिवस, सीओडीची रोकड कुरिअरकडून यायला आणखी आठवडा-दहा दिवस. म्हणजे एका महिन्यात पोहोचलेल्या ऑर्डरींचा वाटा पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मिळणं रास्त आहे. कंपनी ९० दिवस म्हणत असेल तर ती तुमच्या पैशांवर धंदा करते आहे. परताव्यासाठी काही रक्कम रोखून ठेवायची असेल तर १० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि ६० दिवसांत सुटली पाहिजे.

दर महिन्याला येणाऱ्या शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरची ओळ हवी: ऑर्डर क्रमांक, तारीख, वस्तू, साइज, पिनकोड, भरलेली रक्कम, कूपन, जीएसटी, पोहोचली की परत आली, तुमचा वाटा. नुसता "एकूण विक्री अमुक" असा आकडा घेऊ नका. स्टोअरच्या मागच्या बाजूला फक्त बघण्यापुरता लॉगिन मागा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. तो देत नसतील तर निदान क्रमांक सलग आहेत का ते पाहा. मधले आकडे गायब असतील तर रद्द झालेल्या ऑर्डरींची यादी मागा. आणि वर्षातून दोनदा कोल्हापुरातल्या एखाद्या मित्राला, नाशिकमधल्या बहिणीला साध्या ग्राहकासारखी ऑर्डर द्यायला सांगा. ती ओळ शीटमध्ये आली नाही, तर पुढचं बोलणं वकिलामार्फत. करारात हिशेब तपासण्याचा हक्क असावा आणि तफावत ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली तर तपासणीची फी कंपनीने भरावी, असं कलम असावं.

करार मोडायची वेळ येते तेव्हा सगळ्यात जास्त भांडणं डोमेन आणि ग्राहकांची यादी यावरून होतात. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वर्षाला हजार-बाराशेचं काम आहे. चॅनलच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही तुमच्याच नावाने करा: व्यक्तीला ऑनलाइन एका वर्गाचे ४,५०० रुपये, कपड्यांसाठी वर्ग २५, छापील वस्तूंसाठी १६. ग्राहकांच्या यादीबाबत ऑर्डर देतानाच ग्राहकाची संमती घ्यावी की माहिती कंपनी आणि चॅनल दोघांकडे राहील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यानंतर संमतीशिवाय यादी हातोहात देता येणार नाही. मुदत बारा महिने, सोडायची नोटीस ६० दिवस, त्यानंतर शिल्लक माल विकायला आणखी ६० ते ९० दिवस आणि त्या विक्रीवरही वाटा. नंतर तुमचं नाव-फोटो असलेलं पान बंद. "दुसऱ्या कोणासोबत काम करायचं नाही" ही अट फक्त कपड्यांपुरती मान्य करा. पुस्तकं, नकाशे, ट्रेकच्या सहली मोकळ्या ठेवा. कागद ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही.

व्हिडिओत सांगताना "हे आमच्याच स्टोअरचं आहे, विक्रीतला वाटा मला मिळतो" हे मराठीतच, सुरुवातीला, ऐकू येईल असं सांगा. वर्णनात तळाला हॅशटॅग टाकून भागत नाही. हे लपवलं तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. स्टोअरच्या पानावर एमआरपी, उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव कंपनीने टाकलंय का, हे एकदा बघून घ्या. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात, असा ई-कॉमर्सचा नियम आहे.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या ऑर्डरी या स्टोअरमधून घेऊ नका. ७०० च्या टी-शर्टला त्याहून जास्त टपाल, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलची शुल्कमाफीही काढून टाकली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिकडे छापून तिकडेच पोहोचवणाऱ्या प्रिंट-ऑन-डिमांड सेवेवर तीच डिझाइनं वेगळी लावा. करारात या कंपनीचा हक्क म्हणूनच "फक्त भारतात" असा लिहा.

कंपनीला आत्ता एवढंच कळवा: तुमच्याकडे सध्या असलेल्या एखाद्या क्रिएटरची मागच्या महिन्याची हिशेबाची शीट, नाव आणि ग्राहकांची माहिती झाकून पाठवा, आणि त्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला दिले ते सांगा. शीटमध्ये ऑर्डरनिहाय ओळी आणि वजावटींची रकानेवार फोड दिसली तर रॉयल्टीच्या बोलणीला बसा. उत्तरादाखल स्टोअरच्या रंगीत स्लाइड आल्या, तर तुमचं चॅनल आहे तिथे बरं आहे.